कोठी पुढे, दिंडी मागे

पुण्याहून सासवडला जायचा दिवस म्हणजे माउलींच्या पालखीतल्या प्रत्येक आचाऱ्याची डोकेदुखी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पादुका आळंदीतून निघतात, नवमीला पुणं गाठतात, दशमीचा दिवस पुण्यातच जातो आणि एकादशीला पहाटे पालखी सासवडची वाट धरते. सगळ्या वाटचालीतला हा सर्वांत लांबचा टप्पा, सुमारे तीस किलोमीटरचा. त्यात दिवे घाटाची चढण. आणि नेमका त्याच दिवशी उपवास. पायांना सर्वांत जास्त खायला हवं त्या दिवशी पोळी नाही, वरण नाही, भात नाही. पंचांगाने घातलेलं हे कोडं दरवर्षी तेच असतं.

सुप्याचे एक गृहस्थ हे कोडं बरीच वर्षं सोडवत आले आहेत. नगर-पुणे रस्त्यावरचं सुपा हे पारनेर तालुक्यातलं गाव. आता ते औद्योगिक वसाहतीमुळे ओळखलं जातं, त्याआधी टेकड्यांवरच्या पवनचक्क्यांमुळे ओळखलं जायचं. या गृहस्थांचा धंदा लग्नाकार्याच्या पंगतींना भांडी आणि सामान पुरवण्याचा. ज्येष्ठ-आषाढात मात्र ते परिसरातल्या एका दिंडीची कोठी सांभाळतात. कोठी म्हणजे शिधा, भांडी, इंधन, पाणी, पाल आणि हा सगळा पसारा वाहणारा ट्रक. दिंडीत त्यांना सगळे नाना म्हणतात, अर्थात ‘माउली’ म्हणत नाहीत तेव्हा. तालुक्याला वारी नवी नाही. तुकोबांना गुरू मानणाऱ्या निळोबारायांची समाधी याच तालुक्यात पिंपळनेरला आहे. त्यामुळे कोठीवाल्याला सल्ला देणाऱ्यांची गावात कधीच टंचाई नसते.

एकादशीचं नानांचं गणित असं. त्या दिवशी रस्ता माणसांनी भरून जातो, घाटात वाहन अडकलं की अडकलं. म्हणून कोठीचा ट्रक मध्यरात्रीच घाट चढून जातो. याचा अर्थ, पहाटेपासून सासवडच्या मुक्कामापर्यंत दिंडीजवळ स्वयंपाकघर नाही. मग दुपारचं खाणं माणसाच्या पिशवीतच असायला हवं. दशमीच्या रात्री पुण्याच्या मुक्कामावर प्रत्येकाला एक पुडी मिळते: भाजलेले शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, थोडा खजूर. साठ किलो वजनाचा माणूस तीस किलोमीटर चालला तर नुसत्या चालण्यापोटी हजाराच्या वर उष्मांक जळतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात, आणि ते न भिजता, न शिजता, न नासता खिशात राहतात. नानांनी हे आकडे कुठे वाचलेले नाहीत. पण पुडीत साबुदाण्याची खिचडी भरून दिली की घाटाच्या पायथ्याशी लोक बसकण मारतात आणि शेंगदाणे दिले की चढतात, एवढं त्यांना पक्कं कळलंय. संध्याकाळी सासवडला गरम भगर आणि दाण्याची आमटी. दुसऱ्या दिवशी मुक्काम तिथेच, तेव्हा बारस सुटते ती पुरणपोळीवर किंवा निदान शिऱ्यावर. दिंडीतले लोक पारण्याचं जेवण वर्षभर आठवतात. आदल्या दिवशीची पुडी कोणाच्या लक्षात राहत नाही.

बाकीचं नियोजन सुरू होतं ते चैत्रात, एका फुलस्केप कागदावर. डाव्या बाजूला मुक्काम: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि शेवटी पंढरपूर. त्यापुढे तिथी, टप्प्याचं अंतर, न्याहारी कुठे, दुपारचा विसावा कुठे, ट्रक कोणत्या रस्त्याने जाणार. उजवीकडचा रकाना सर्वांत रुंद असतो. त्यावर फक्त ‘पाणी’ असं लिहिलेलं असतं.

धान्याचा हिशोब त्या मानाने सोपा. दिंडीत दोनशे माणसं धरायची. चालणारा माणूस घरच्यापेक्षा जास्त खातो; दोन वेळचं मिळून माणशी चारशे ग्रॅम पीठ, दीडशे ग्रॅम तांदूळ, पाऊणशे ग्रॅम डाळ, चाळीस ग्रॅम तेल. म्हणजे दिवसाला ऐंशी किलो पीठ, तीस किलो तांदूळ, पंधरा किलो डाळ, आठ किलो तेल. अठरा दिवसांचं नुसतं पीठ साडेचौदा क्विंटलच्या घरात जातं. नगरच्या दाळमंडईत आणि आडते बाजारात हे सगळं एका दिवसात भरता येतं. (शहराचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं, पण सुप्याच्या स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाळी ऐकू येते.)

भरता येतं, पण भरू नये. हे शहाणपण नानांच्या आधीच्या कोठीवाल्यांकडून आलेलं. आषाढाची हवा ओली. ताडपत्री कितीही घट्ट बांधली तरी पिठाला दमटपणा धरतो, गुठळ्या होतात, मग जाळी लागते. म्हणून सुप्याहून निघताना पहिल्या आठवड्याचंच पीठ घ्यायचं, बाकी गहू पोत्यात ठेवायचा आणि लोणंदला किंवा फलटणला गिरणीवर दळून घ्यायचा. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं, कारण त्या दोन दिवसांत त्याच्या दारात अशाच दहा कोठ्या उभ्या असतात. बाजरीची तर गोष्टच वेगळी. पारनेरच्या माणसाला बाजरीच्या भाकरीवाचून जेवल्यासारखं वाटत नाही, पण बाजरीत तेल जास्त. दळल्यावर आठवड्याभरात पीठ कडवट होतं. दोनशे माणसांच्या भाकऱ्या थापायला बायाही तेवढ्या लागतात. तेव्हा सुरुवातीचे दोन दिवस बाजरी, मग गहू-तांदूळ, आणि नातेपुते-माळशिरसला पोहोचलं की तिकडची ज्वारी. कांद्याचंही तसंच. तालुका कांद्याचा, पण दिंडीत कांदा-लसूण न खाणारे माळकरी पुष्कळ. मग एक कढई बिनकांद्याची ठेवावी लागते, आणि कोणती कढई कोणती यावरून रोज थोडी कुरबूर होते.

आता त्या रुंद रकान्याकडे. पिण्यासाठी माणशी पाच लिटर, स्वयंपाकाला आणि भांड्यांना पाच लिटर धरले तरी दोनशे माणसांना दिवसाला दोन हजार लिटर पाणी लागतं. आंघोळी आणि धुणं यात नाही. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. अठरा दिवसांचं सगळं पीठ एका दिवसाच्या पाण्यापेक्षा हलकं भरतं! पीठ ट्रकमध्ये घालून नेता येतं, पाणी नेता येत नाही. ते रोज, मुक्कामाच्या जागी, वेळेवर भेटावं लागतं. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर जी किमान प्रमाणं मानली जातात त्यांत माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी धरलेलं असतं. दिंडीचा आकडाही आंघोळीसकट तिथेच कुठेतरी जातो, फक्त दिंडीची छावणी रोज उठून पुढच्या गावी जाते.

दुष्काळी तालुक्यातला माणूस असणं इथे कामी येतं. पारनेर पर्जन्यछायेत. टँकर कधी येणार, त्यात किती आहे, कोणाच्या विहिरीला किती दिवस पुरेल, या गोष्टी सुप्याच्या आसपास लहान मुलांनाही कळतात. शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने तर दरवर्षी पावसाचं पाणी मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत घालून दिली. पाऊस किती, जमिनीत मुरलं किती, पिण्याला किती राखायचं आणि उरल्यात कोणती पिकं घ्यायची. नानांचा रकाना म्हणजे त्याचीच चालती आवृत्ती. जमेच्या बाजूला टँकर, विहिरी, बोअर, नदी. खर्चाच्या बाजूला माणसं, ऊन आणि भांडी.

यातलं ऊन दरवर्षी बदलतं, आणि नवख्या माणसाची फजिती होते ती इथे. वारी तिथीने चालते, पाऊस तिथी पाळत नाही. 2023 साली आळंदीचं प्रस्थान 11 जूनला झालं. त्या वर्षी मोसमी पाऊस लांबला, पालखी निघून दोन आठवडे होत आले तरी महाराष्ट्र कोरडाच होता. दुसऱ्या वर्षी, 2024 मध्ये, प्रस्थान थेट 29 जूनला. तेच गाव, तोच टप्पा, तीच माणसं, पण एका वर्षी पाणी दुप्पट आणि दुसऱ्या वर्षी ताडपत्री दुप्पट. अधिक मास आला की सगळं आणखी पुढे सरकतं. मागच्या वर्षीचा कागद नाना जपून ठेवतात, पण तारखेवरून त्यातला पाण्याचा रकाना खोडूनच टाकतात.

मार्गाचेही दोन तुकडे पडतात. सासवड-जेजुरीपर्यंत चिंता ओल्या सरपणाची, भिजलेल्या पिठाची आणि चिखलात रुतणाऱ्या चाकांची. वाल्ह्यानंतर नीरा नदी लागते, तिथे पादुकांना स्नान होतं आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. पुढे धर्मपुरीला सोलापूर जिल्हा. बरड-नातेपुते ओलांडलं की पुष्कळदा पाऊस मागे राहतो आणि ऊन तळपायाला लागतं. तिन्ही जिल्ह्यांचं प्रशासन टँकर पुरवतं, भरण्याच्या जागा ठरवून देतं, आणि ही व्यवस्था आता मोठी झाली आहे. पण लाखो माणसांच्या गर्दीत टँकर आपल्या पालापर्यंत पोहोचणं ही वेगळी गोष्ट. म्हणून दिंडीतला एक पोरगा मोटारसायकलवर एक मुक्काम पुढे असतो. त्याचं काम एवढंच: कोणत्या मळ्यात विहीर आहे, मालक पाणी देईल का, मोटारीला वीज किती वाजता असते आणि तिथून पाल टाकायच्या जागेपर्यंत पाइप पुरेल का. वीज रात्री असेल तर आचाऱ्याची झोप गेली. “नाना, पाणी आल्याशिवाय मी भट्टी पेटवत नाही,” हे आचारी रोज म्हणतो. त्यात रुसवा नसतो. आधण ठेवून पाण्याची वाट पाहत बसलं की गॅस जातो, माणसं ताटं घेऊन बसतात आणि पंगत रात्री अकराला उठते. पहाटे तीनला तर पुन्हा उठायचं.

पाणी आलं की लगेच प्यायला द्यायचं नाही, हा दुसरा नियम. टाकीत ब्लीचिंग पावडरचं निवळ द्रावण घालायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग आरोग्य खात्याचा माणूस ओटी टेस्ट करतो: नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळसर रंग आला की पाण्यात क्लोरीन उरलेलं आहे. चालून आलेल्या तहानलेल्या दोनशे माणसांना अर्धा तास थांबवणं सोपं नाही. नानांनी त्यावर तोड काढली आहे. कालचं शुद्ध केलेलं पाणी वीस लिटरच्या जारमध्ये भरून ट्रकवर ठेवायचं, आल्या आल्या प्यायला ते, आणि नवं पाणी तोवर तसंच. पंधरा जार पुरतात. दिंडीत हगवण लागली की चालणं थांबतं, बाकी कशाने थांबत नाही, असा त्यांचा अनुभव. पायाला फोड आलेला माणूस पंढरपूर गाठतो. पोट बिघडलेल्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसवावं लागतं.

सर्वांत अवघड हिशोब मात्र कमतरतेचा नाही, दानाचा आहे. पुण्यात दोन दिवस जे घडतं ते पाहिलेल्यालाच कळेल. चौकाचौकात केळी, बिस्किटं, चहा, उपमा, लाडू, पाण्याच्या बाटल्या. मंडळं, बँका, सोसायट्या, कंपन्या हात जोडून उभ्या असतात. दिंडीत दोनशे माणसांच्या पोळ्यांच्या चवडी तयार आणि जेवायला ऐंशीच माणसं, असं पुण्यात सहज होतं. आणि तीच दिंडी वाल्ह्याच्या पुढच्या उन्हात असते तेव्हा रस्त्यावर देणारे विरळ. नाना पुण्यात निम्माच स्वयंपाक लावतात. आलेल्या बिस्किटांचे पुडे फोडू न देता ट्रकमध्ये ठेवतात, ते माळशिरसच्या पुढे निघतात. केळी मात्र त्याच दिवशी संपवायची.

देणाऱ्याची बाजू नानांना माहीत आहे, कारण सुपा स्वतःही देणाऱ्यांच्या रस्त्यावर आहे. रामनवमीच्या सुमाराला शिर्डीला पायी निघालेले साईभक्त याच महामार्गाने नगरकडे जातात, चैत्राच्या उन्हात, अनवाणीसुद्धा. त्यांच्यासाठी टेबल टाकून पाणी आणि सरबत देण्यात नाना तरुणपणी असायचे. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की देणारा त्याला सोयीचं तेच देतो: डांबरी रस्त्याच्या कडेला, सकाळच्या वेळी, हातात देता येईल असं. शंभर मीटरवर दुसरं टेबलही तेच देत असतं. आजवर कोणी दिंडीला मिठाचं पोतं, काडेपेट्यांचा बॉक्स किंवा भांडी घासायची पावडर दिलेली नाही. या तिन्ही गोष्टी म्हणूनच यादीत सर्वांत वर असतात. अलीकडे ओळखीचा देणारा कोणी विचारू लागला, की नाना त्याला स्पष्ट सांगतात, “लाडू नका देऊ माउली, एक सिलिंडर भरून द्या.” काहींना ते आवडत नाही. सिलिंडरबरोबर फोटो चांगला येत नसावा.

ही अडचण आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल नावाची सुमारे 4,270 किलोमीटरची पायवाट आहे. तिच्या दक्षिणेकडच्या वाळवंटी भागात काही भले लोक चालणाऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात. त्या वाटेची देखभाल करणारी संस्था चालणाऱ्यांना बजावून सांगते की या साठ्यांवर विसंबून निघू नका. बाटल्या रिकाम्याही असू शकतात. तिथले लोक खाण्याची खोकी आधीच स्वतःच्या नावाने वाटेवरच्या टपाल कार्यालयांत पाठवून ठेवतात, आणि रविवारी पोहोचले तर दार बंद. शेरिल स्ट्रेडने 1995 साली या वाटेवरून केलेल्या प्रवासावर ‘वाइल्ड’ हे पुस्तक लिहिलं. पाठीवर उचलवणार नाही एवढं ओझं घेऊन निघालेल्या या बाईने स्टोव्हमध्ये भलतंच इंधन भरलं होतं, त्यामुळे सुरुवातीचे दिवस तिला थंड लगद्यावर काढावे लागले. सगळं बरोबर घेतलं आणि एक गोष्ट चुकली, अशी उदाहरणं नाना फार आवडीने ऐकतात.

याच्या अगदी उलटी रीत नर्मदा परिक्रमेची. तिथे साठा करायचाच नाही. परिक्रमावासी वाटेतल्या आश्रमात सदाव्रत घेतो, म्हणजे एका वेळचा कोरडा शिधा, आणि नदीच्या पाण्यावर शिजवून खातो. उद्याचं उद्या. दोनशे माणसांना ही रीत झेपणार नाही. एकट्या-दुकट्याला झेपते, कारण एका माणसाची भूक कोणत्याही गावाला परवडते. दोनशेच्या पुढे गेलं की सैन्यासारखाच विचार करावा लागतो. नगरचा किल्ला 12 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीने घेतला, तो पुढे वेलिंग्टन झाला. त्याच्या त्या मोहिमेतल्या पत्रांत तोफांइतकेच बैल आणि तांदूळ आहेत. धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे बरोबर टिकवण्यासाठी त्याने जी धडपड केली, ती वाचून कोणत्याही कोठीवाल्याला तो आपल्यातला वाटेल.

ट्रक येण्याआधी वारीचा शिधाही बैलगाड्यांवर, घोड्यांवर आणि डोक्यावरच्या गाठोड्यात असायचा. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात चाळीसच्या दशकातली वारी लिहिली आहे. दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातवार वेगळी बसत, हे त्यांनी नोंदवलं आणि त्याने त्या अस्वस्थ झाल्या. नानांच्या दिंडीत आज पंगत एकच आहे. यामागे विचार किती आणि व्यवस्थेची सोय किती, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पडतो. दोन भट्ट्या, दोन आचारी आणि दोन टाक्या ठेवणं आज कोणत्याच कोठीला परवडत नाही, हेही त्याला कारण असेल. कारण काहीही असो, बरं झालं.

एक साठा अजून कोठीच्या हिशोबाबाहेर आहे. म्हाताऱ्या बायकांची बोचकी. त्यात शेंगदाण्याची चटणी, कोरडी भाकरी, सुंठ, एखादं लिंबू, मिठाची पुडी. कोठीवर भरवसा नाही असं नाही, पण भरवसा टाकायचा कशाला, असा त्यांचा हिशोब. नानांना आधी याचा राग यायचा. मग एका दुपारी पावसात ट्रक मागे अडकला, विसाव्याला जेवण आलंच नाही, तेव्हा या बोचक्यांवर दिंडीतल्या मधुमेही माणसांची वेळ निभावली. आता निघायच्या आधीच्या बैठकीत नाना स्वतःच सांगतात की प्रत्येकाने एका वेळचं खाणं आणि लिटरभर पाणी जवळ ठेवायचं, संपलं की त्याच रात्री कोठीतून भरून घ्यायचं. इन्शुलिन घेणाऱ्यांची यादी वेगळी असते आणि त्यांची पंगत आधी बसते.

2020 आणि 2021 साली महामारीमुळे पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. दोन वर्षं कोठी गोदामात पडून राहिली. पातेल्यांना कल्हई नव्हती, पालांना कसर लागली होती. 2022 साली पुन्हा निघताना सगळ्यात जास्त जाणवला तो पुढचा माणूस नसल्याचा तोटा. मोटारसायकलवाला पोरगा दरम्यान औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला होता आणि कोणत्या मळ्यात कोणाची विहीर, हे त्याच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. आता ते वहीत आहे: गाव, मालकाची पट्टी, विहिरीची खोली, मोटारीची वेळ. बहुतेक शेतकरी पाण्याचे पैसे घेत नाहीत, पण विजेचं बिल त्यांनाच येतं. म्हणून नाना निघताना पोतंभर तांदूळ किंवा गूळ ठेवून येतात, आणि तोही यादीत धरलेला असतो.

दशमीला वाखरीचा तळ सुटला की कोठीचं काम उतरणीला लागतं. एकादशीला पुन्हा भगर, द्वादशीला शेवटची पंगत. परत सुप्याला आल्यावर आठवड्याभरात बैठक होते. उरलेलं धान्य मंदिरात जातं, तेलाचे रिकामे डबे आणि बारदान भंगारवाल्याकडे. त्याचे आलेले पैसे त्याच बैठकीत जमा होतात. मग गहू पुढच्या वेळी लोणंदला दळायचा की फलटणला, यावर वाद सुरू होतो. लोणंदचा गिरणीवाला स्वस्त आहे. फलटणला वीज जात नाही.